थैलीचं झाकण

२२ मे २०१७. दिल्लीत प्रो कबड्डीच्या पाचव्या हंगामाचा लिलाव सुरू होता. संघ बारा, आणि प्रत्येकाला खेळाडूंवर खर्च करायची मुभा ४ कोटी रुपयांची. मालक उद्योगपती असो की सिनेनट, घरी कितीही पैसा असो, टेबलावर ४ कोटींपुढं एक रुपया सरकवता येत नव्हता. उत्तर प्रदेशच्या नव्या संघानं नितीन तोमरला ९३ लाखांना घेतलं आणि तो त्या वर्षीचा सगळ्यात महाग गडी ठरला. त्याच लिलावात वाळवा तालुक्यातल्या कासेगावचा काशिलिंग आडके यू मुंबानं ४८ लाखांना घेतला.

खरसुंडीच्या यात्रेत खिलार खोंडाचा सौदा होतो तेव्हा रुमालाखाली बोटं दाबून भाव सांगतात, शेजारच्यालाही आकडा कळत नाही. इथं आकडा टीव्हीवर झळकत होता. आपल्या गावच्या पोराची वर्षाची कमाई सगळ्या महाराष्ट्राला एकदम कळावी, हे कृष्णाकाठाला नवीन होतं. त्याहून नवीन होती ती ४ कोटींची रेघ. सातारा-सांगली पट्ट्यात खेळाला पैसा कमी पडल्याच्या गोष्टी घरोघरी ऐकायला मिळतात. तो जास्त होईल म्हणून कुणी आधीच झाकण घालून ठेवलंय, अशी गोष्ट इथं कुणी ऐकली नव्हती.

झाकणाची ही कल्पना जुनी, इंग्लंडातल्या फुटबॉलमध्येही ती होती. तिथल्या फुटबॉल संघटनेनं १९०१ पासून खेळाडूच्या पगारावर आठवड्याला ४ पौंडांची कमाल मर्यादा घातली. श्रीमंत शहरांच्या क्लबांनी सगळे चांगले खेळाडू पळवू नयेत, असं कारण दिलं गेलं. कारण खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडातली मैदानं ओसंडून वाहत होती. १९४८-४९ च्या हंगामात लीगच्या सामन्यांना चार कोटींहून जास्त तिकिटं खपली, आणि खेळाडूला आठवड्याला मिळत होते १२ पौंड. गल्ला वाढला, पगार जागेवर. १९६१ च्या जानेवारीत जिमी हिल या खेळाडूंच्या पुढाऱ्यानं संपाची धमकी देऊन ती मर्यादा मोडून काढली, तेव्हा ती २० पौंडांवर होती. फुलहॅम क्लबच्या जॉनी हेन्सला लगेच १०० पौंड मिळू लागले. क्लबचा अध्यक्ष टॉमी ट्रिंडर धंद्यानं विनोदी नट होता. मर्यादा नसती तर हेन्सला शंभर दिले असते, असं तो आधीपासून सांगत होता. मर्यादा उठली आणि बिचाऱ्याला शब्द पाळावा लागला.

पुढं हे झाकण वेगवेगळ्या रूपांत परत आलं. स्पेनच्या लीगनं क्लबाच्या मिळकतीशी बांधलेली मर्यादा इतकी कडक ठेवली की २०२१ च्या ऑगस्टमध्ये बार्सिलोनाला मेस्सीची नोंदणी करता आली नाही आणि तो पॅरिसला गेला. आपल्याकडच्या इंडियन सुपर लीगनं संघाच्या पगारखर्चाला १६.५ कोटींची हद्द घातली. पण सातारा-सांगलीच्या पोराला जवळ पडावा असा या लीगमधला संघ एकच होता, बालेवाडीत खेळणारा एफसी पुणे सिटी. तोही २०१९ साली गुंडाळला गेला. त्यामुळं आपल्या भागात झाकणाचा हिशोब बघायचा तर तो कबड्डीत बघावा लागतो. आणि कबड्डीचा हिशोब कळायला आधी कुस्तीचा बघावा लागतो, कारण इथला खेळाडू पैशाकडं कसा बघतो हे त्याला तालमीनं शिकवलंय.

कराडपासून हाकेच्या अंतरावरचं गोळेश्वर. १५ जानेवारी १९२६ ला तिथं खाशाबा जाधव जन्मले. वडील दादासाहेब पैलवान, थोरली भावंडंही तालमीतली. खाशाबा कराडच्या टिळक हायस्कुलात शिकले, पुढं कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला जायचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. माती सोडून पहिल्यांदाच गादीवर उतरलेला हा गडी तिथं सहावा आला. संस्थानं तोवर शेवटच्या घटका मोजत होती. कुस्तीला दूध पाजणारा दरबार पुढच्या ऑलिंपिकपर्यंत उरणार नव्हता.

१९५२ साली हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा खाशाबांसमोर खर्चाचा डोंगर उभा राहिला. आधी मद्रासच्या स्पर्धेत एका गुणानं हरवून त्यांना डावलल्याचा वाद झाला. पतियाळाच्या महाराजांकडं दाद मागून फेरकुस्ती घ्यावी लागली आणि ती त्यांनी मारली. निवड झाली, पण तिकीट? मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडं चार हजारांची मदत मागितली, तर स्पर्धा झाल्यावर या असं उत्तर मिळालं. (स्पर्धा झाल्यावर तिकिटाचं काय करायचं, हे मोरारजींनाच ठाऊक.) मग गोळेश्वर आणि कराडात वर्गणी सुरू झाली. गावकऱ्यांनी, दुकानदारांनी जमेल तसे पैसे दिले. तरी भागेना. शेवटी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले.

हा सात हजारांचा आकडा नीट बघण्यासारखा आहे. एका प्राचार्याचं डोक्यावरचं छप्पर म्हणजे एका पैलवानाचं युरोपचं तिकीट, असा तो हिशोब होता. त्यात सरकार नाही, दरबार नाही, कारखाना नाही. आणि एवढं करूनही पैसे पुरले ते फक्त पैलवानापुरते. हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीचे मल्ल हरवले. जपानच्या शोहाची इशीशी झालेली लांबलेली कुस्ती गुणांवर गेली, आणि लगेच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोवसमोर उतरायला सांगितलं गेलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी असा नियम होता. पण तो नियम पंचांसमोर मांडायला भारताचा एकही अधिकारी त्या वेळी आखाड्याजवळ नव्हता. दमलेल्या अंगानं खाशाबा लढले आणि हरले. २३ जुलै १९५२ ला ५७ किलो गटात ब्राँझ मिळालं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

संघाचा खर्च म्हणून आपण फक्त खेळाडूचा पैसा धरतो. व्यवस्थापक, वैद्य, मसाज करणारा, नियम जाणणारा माणूस, हे सगळं संघखर्चातच येतं आणि पदकाचा रंग बऱ्याचदा तिथंच ठरतो. १९५२ साली ते सगळं शून्य होतं.

परत आल्यावर कराडहून गोळेश्वरपर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी थोड्या वेळाच्या त्या रस्त्याला कित्येक तास लागले. मिरवणुकीनं कर्ज फिटत नाही. खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवली, स्वतः लढले आणि आलेल्या पैशातून खर्डेकरांचं घर सोडवलं. १९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून लागले. १४ ऑगस्ट १९८४ ला अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

खर्डेकरांचं घर सुटलं ते मैदानाच्या पैशानं, ही गोष्ट इथल्या खेळाच्या अर्थकारणाचं मूळ आहे. सातारा-सांगलीत कुस्तीचा पैसा यात्रेतून येतो. गावच्या देवाची यात्रा, दुपारी मैदान. यात्रा कमिटी वर्गणी काढते, जोड ठरवते, पत्रक छापते. पत्रकावर एक नंबरची कुस्ती, दोन नंबरची, तीन नंबरची, प्रत्येकीसमोर इनाम आणि ते देणाऱ्याचं नाव. हलगी वाजते, पैलवान शड्डू ठोकतो, निकाली झाली तर इनाम हातात आणि फेटा डोक्याला. खालच्या कुस्त्या रेवड्यांवर आणि नारळावर होतात. लहान पोरं पहिल्यांदा खेळून पैसे मिळवतात ती तिथंच.

या व्यवस्थेला वरची मर्यादा कधीच नव्हती. गावच्या इर्षेला मर्यादा कोण घालणार? शेजारच्या गावानं लाखाचं मैदान घेतलं तर आपण दोनचं घ्यायचं, हा सरळ न्याय. नामवंत पैलवानाची रक्कम आधीच बोलून ठेवलेली असते. चांगला जोड जमला तर घासाघीस होते, आणि ती कमिटीच्या ओट्यावर, चारचौघांत होते. पैसा पैलवानाच्या हातात थेट पडतो, मधे कुणी मालक नाही.

पण खालची बाजू मात्र उघडी. यात्रेचा हंगाम संपला की पावसाळाभर काय खायचं? पैलवानाचा खुराक रोजचा असतो. दूध, तूप, बदाम, अंडी, मटण, आणि त्याचं बिल हंगाम बघत नाही. हे बिल कधी बापाच्या उसातून भागलं, कधी वस्तादानं उसनवारी केली. संस्थानं गेल्यावर काही प्रमाणात सहकारी साखर कारखान्यांनी पैलवानांना मानधन देऊन ते उचललं. वारणानगरला दर डिसेंबरात तात्यासाहेब कोरे यांच्या पुण्यतिथीला होणारं मैदान हे त्याच साखरेच्या पैशाचं मोठं रूप. उसाच्या पट्ट्यात कुस्ती जगली ती उसामुळं, हे म्हणायला अतिशयोक्ती लागत नाही. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर आणि मिरज तालुक्यातल्या कवठेपिरानचे मारुती माने या दोघांनी प्रत्येकी एक सुवर्ण आणि एक रौप्य आणलं. एका जिल्ह्यात एकाच स्पर्धेतली दोन सुवर्णं. या दोघांचं नाव घेताना सांगलीकर अजून आवाज चढवतो, आणि त्यांना वर्षाला किती मिळत होतं हे मात्र कुणी विचारत नाही.

कबड्डीचं गणित वेगळं होतं. तिथं यात्रेच्या इनामावर कुणाचं घर चालणं शक्य नव्हतं. सात जणांत वाटलेलं इनाम चहा-वड्यापुरतंच उरतं. कबड्डीपटूचा पैसा म्हणजे नोकरी. महिंद्रा, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, मध्य रेल्वे, देना बँक, महाराष्ट्र पोलीस या संस्था संघ बाळगत आणि चांगल्या खेळाडूला खेळाडू कोट्यातून नोकरीला लावून घेत. गावाकडून मुंबईला जायचं, एखाद्या मंडळात खेळायचं, कुणाच्या तरी नजरेत भरायचं आणि कागदावर शिक्का उमटेपर्यंत नातेवाइकाच्या खोलीत राहायचं, हा रूढ मार्ग होता. त्या जगातही एक मर्यादा होती, फक्त तिला कुणी मर्यादा म्हणत नव्हतं. ती म्हणजे वेतनश्रेणी. तुम्ही एका चढाईत चार गडी मारा नाहीतर बाकावर बसा, महिन्याचा पगार तोच. बढती ज्येष्ठतेनं. पण गुडघा गेला तरी पगार चालू, निवृत्तीनंतर पेन्शन, आणि लग्नाच्या बाजारात 'पोरगा कंपनीत आहे' हे शब्द. मर्यादेच्या बदल्यात खात्री, असा तो सौदा होता, आणि माझ्या मते तो वाईट नव्हता. वाईट एवढंच की तो फार थोड्यांच्या वाट्याला येत होता.

२०१४ साली हे बदललं. आनंद महिंद्रा आणि चारू शर्मा यांनी उभी केलेली प्रो कबड्डी लीग २६ जुलैला मुंबईत सुरू झाली. त्याआधी २० मे रोजी मुंबईतच पहिला लिलाव झाला. आठ संघ, प्रत्येकाची खर्चाची थैली ६० लाखांची. सहा वर्षांपूर्वी आयपीएलच्या पहिल्या लिलावात एका संघाची हद्द होती ५० लाख डॉलर, म्हणजे वीसेक कोटी रुपये. त्या मानानं कबड्डीचं हे सुपारीचं खांड होतं. पाटणा पायरेट्सनं राकेशकुमारला १२ लाख ८० हजारांना घेतलं, तो सगळ्यात महाग. रेल्वेत आणि बँकेत हजारांत पगार घेणाऱ्या माणसांसाठी पाच-सहा आठवड्यांचा हा पैसा अगदीच आभाळातून पडल्यासारखा होता.

त्याच वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात इंचिऑनच्या आशियाई स्पर्धेत इराणला २७-२५ असं काठावर हरवून सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात सांगली जिल्ह्यातला नितीन मदने होता. आणि पुढच्या वर्षी लीगच्या दुसऱ्या हंगामात दबंग दिल्लीकडून खेळणारा काशिलिंग आडके ११४ गुण घेऊन सर्वोत्तम चढाईपटू ठरला. राजारामबापू पाटलांचं गाव म्हणून राज्याला माहीत असलेल्या कासेगावची ओळख एका पिढीसाठी बदलली. कृष्णाकाठची पोरं बोनस रेषेवर पाय टाकायच्या काशिलिंगच्या पद्धतीची नक्कल करू लागली.

आता त्या थैलीकडं बघू. लीगचे चालक आणि मालक तिच्या समर्थनाला जे सांगतात ते इंग्लंडातल्या १९०१ च्या कारणापेक्षा वेगळं नाही. मोठ्या शहराच्या मालकानं सगळे चांगले गडी उचलले तर सामने एकतर्फी होतील, लोक टीव्ही बंद करतील. हे पटण्यासारखं आहे. पहिल्या बारा वर्षांत वेगवेगळे संघ जिंकले, पुणे आणि बंगालसारख्यांनाही पाळी मिळाली, यात थैलीचा वाटा नक्की आहे. पण पलीकडची बाजूही मांडायला हवी. २०१७ साली एका मोबाईल कंपनीनं लीगच्या नावापुढं आपलं नाव लावायला पाच वर्षांसाठी सुमारे ३०० कोटी मोजल्याच्या बातम्या आल्या. वर्षाला ६० कोटी. त्याच वर्षी बारा संघांच्या सगळ्या खेळाडूंची मिळून थैली होती ४८ कोटींची, आणि त्यातले सुमारे ४७ कोटी लिलावात खर्च झाले. म्हणजे एका पाटीच्या भाड्यात सगळे खेळाडू निघून वर शिल्लक राहत होती. प्रक्षेपणाचा, तिकिटांचा, टी-शर्टवरच्या जाहिरातींचा पैसा वेगळाच. १९४८ च्या इंग्लंडातल्या त्या चार कोटी तिकिटांची आठवण होते ती इथं. मालकांना एकमेकांच्या इर्षेपासून वाचवायचं काम हे झाकण करतं. गावच्या यात्रा कमिटीला असं झाकण कधी सुचलं नाही, कारण तिथं इर्षा हाच उद्देश असतो.

तरीही झाकणाखाली भाव कसा वाढला ते गमतीचं आहे. २०१८ साली मोनू गोयतला हरियाणा स्टीलर्सनं १ कोटी ५१ लाखांना घेतलं. त्याच लिलावात यू मुंबानं इराणच्या फझल अत्राचलीसाठी १ कोटी मोजले, आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा एक फारसा कुणाला माहीत नसलेला पोरगा ३६ लाख ४० हजारांना घेतला. त्याचं नाव सिद्धार्थ देसाई. त्यानं त्या एकाच हंगामात चढाईत २१८ गुण घेतले. थैलीचा काटा टोचतो तो इथं. स्वस्तात मिळालेला गडी चमकला की पुढच्या वर्षी तो परवडत नाही. २०१९ च्या लिलावात तेलुगू टायटन्सनं सिद्धार्थला १ कोटी ४५ लाखांना नेलं. चंदगडला आनंद, यू मुंबाच्या चाहत्यांना हळहळ, आणि नियमांच्या दृष्टीनं सगळं बरोबर. हुशार मालक म्हणून दुसऱ्या चमकलेल्या गड्याच्या मागं धावत नाही, पुढचा ३६ लाखांचा गडी शोधतो.

ज्यांनी ते केलं नाही त्यांची गोष्ट पवन सेहरावतच्या निमित्तानं सांगता येते. २०२२ साली तमिळ थलैवाजनं पवनसाठी २ कोटी २६ लाख ५० हजार मोजले. त्या वर्षी थैली होती ४ कोटी ४० लाखांची, म्हणजे निम्म्याहून जास्त पैसा एका माणसावर. पहिल्याच सामन्यात पवनचा गुडघा दुखावला आणि तो हंगामभर बाहेर बसला. आणि गंमत अशी की उरलेल्या निम्म्या पैशातल्या पोरांनी संघ उपांत्य फेरीत नेला. पुढच्या वर्षी थैली ५ कोटी झाली आणि तेलुगू टायटन्सनं त्याच पवनसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार दिले. पवन पूर्ण हंगाम खेळला, चांगला खेळला, आणि टायटन्स २२ सामन्यांत २ जिंकून तळाला राहिले. त्या हंगामाचं विजेतेपद १ मार्च २०२४ ला हैदराबादेत पुणेरी पलटणनं मिळवलं. पुण्यानं इराणच्या शादलूईवर २ कोटी ३५ लाख लावले होते हे खरं, पण बाकीचा संघ कर्णधार अस्लम इनामदारसारख्या, महाराष्ट्रातून आणि बाहेरून हाताशी धरून वाढवलेल्या तरुणांचा होता.

आता साधी वजाबाकी करू. टायटन्सच्या ५ कोटींतून पवन काढला की उरतात २ कोटी ३९ लाख ५० हजार. संघ किमान १८ जणांचा लागतो. म्हणजे उरलेल्या सतरांना सरासरी १४ लाख. २०१४ साली सगळ्यात महाग गड्यानं थैलीचा पाचवा हिस्सा घेतला होता. २०२३ साली त्यानं निम्म्याहून अधिक घेतला. नऊ वर्षांत थैली आठपटीनं वाढली आणि वरचा भाव वीसपटीनं. थैलीचं तोंड बांधलेलं असताना वरचा वाढत गेला की तो पैसा कुणाच्या तरी ताटातून जातो. तळाच्या गड्याच्या ताटातून तो जात नाही, कारण त्याचा पायाभूत भाव ठरलेला असतो. लिलावातल्या सगळ्यात खालच्या ड गटाचा भाव ६ लाखांवरून ९ लाख झाला, त्यावरच्या क गटाचा १० वरून १३. दबला तो मधला. पाच-सहा हंगाम खेळलेला, भरवशाचा, कव्हरला उभा राहणारा, ज्याच्या नावानं कुणी तिकीट काढत नाही पण जो नसला की बचाव फुटतो असा गडी. त्याला लिलावात नाव पुकारल्यावर एक तर पायाभूत भावात घेतात, किंवा शांतता पसरते आणि पुढचं नाव पुकारलं जातं.

ड गटाच्या खाली आणखी एक दार आहे, नव्या तरुण खेळाडूंचं. ते लिलावात येत नाहीत, संघ त्यांना थेट घेतात, ठरलेल्या रकमेत. सातारा-सांगलीच्या पोराला आज लीगमध्ये शिरायचा खरा रस्ता तोच. इथं मला झाकणाचं एक श्रेय मान्य करावं लागतं. ज्या खेळात वरचा आकडा लिहून ठेवलाय, त्या खेळात खालचा आकडाही लिहून ठेवावा लागतो. कबड्डीपटूला आपल्या खेळाचा किमान दर कागदावर मिळाला तो या लीगमुळंच. इथल्या कुस्तीत अजून तो नाही.

याचा पुरावा साताऱ्यातच मिळाला. एप्रिल २०२२ मध्ये महाराष्ट्र केसरी साताऱ्यात झाली. कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटीलनं अंतिम लढतीत विशाल बनकरला ५-४ असं हरवलं, आणि एकवीस वर्षांनी गदा कोल्हापूरला गेली. नंतर पृथ्वीराजनं जाहीरपणे सांगितलं, की गदा मिळाली पण संयोजकांकडून रोख बक्षीस मिळालं नाही. राज्यातल्या सगळ्यात मानाच्या कुस्तीचा विजेता, आणि हातात फक्त चांदीची गदा! बोभाटा झाला, मग पुढाऱ्यांनी आणि संस्थांनी रकमा जाहीर केल्या. नऊ महिन्यांनी पुण्यात झालेल्या पुढच्या स्पर्धेत विजेत्या शिवराज राक्षेला थार गाडी आणि ५ लाख रुपये देण्यात आले. एका वर्षी काहीच नाही आणि पुढच्या वर्षी गाडी. दोन्ही वेळी नियम कुठला मोडला? कुठलाच नाही, कारण नियमच नव्हता. संयोजक बदलला, इतकंच. खाशाबांच्या वेळी खर्डेकर भेटले म्हणून जमलं, यातला प्रकार तोच.

बायकांच्या कबड्डीचा हिशोब आणखी छोटा आहे. २०१६ साली लीगनं तीन संघांची महिला स्पर्धा घेतली, अंतिम सामना हैदराबादला एका गुणानं, २४-२३ असा संपला. चांगला खेळ झाला, लोकांनी बघितला, आणि पुन्हा ती झाली नाही. झाकण घालायला आधी थैली लागते.

पुरुषांच्या लीगमध्ये २०२५ च्या लिलावातही थैली ५ कोटीच होती, २०२३ इतकीच. मात्र कोटीच्या वर गेलेले खेळाडू या वेळी दहा होते आणि शादलूई २ कोटी २३ लाखांना गुजरातकडे गेला. त्या दहांत महाराष्ट्रातलं नाव नव्हतं, बहुतेक हरियाणाचे. तिथं गावोगावी अकादम्या आणि खेळाडू कोट्यातल्या नोकऱ्या यांची साखळी आहे, आणि तिथले गडी मॅटवर लहानपणापासून खेळतात. आपल्याकडं अजून बऱ्याच गावांत मॅट येते ती स्पर्धेपुरती भाड्यानं, आणि सरावाला मातीच.

वाळव्यातल्या किंवा कराडातल्या एकोणीस वर्षांच्या चढाईपटूला समजा उद्या ९ लाखांचा करार मिळाला. एका हंगामाचे ९ लाख, त्यातून कर कापून, आणि पुढच्या हंगामाची हमी नाही. तो करारावर सही करतो, शिबिराला जातो, आणि पोलीस भरतीचा फॉर्मही भरतो, खेळाडू कोट्याच्या रकान्यात खूण करून. वस्ताद त्याला तसंच करायला सांगतात.